बाऊल सामन्यांचा ताळेबंद

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे चाळीसच्या आसपास बाऊल सामने, म्हणजे हंगामाअखेरचे निमंत्रणाचे सामने, होतात, आणि त्यांतला शेवटचा सामना संपतो न संपतो तोच दर वर्षी एक कोष्टक हातोहात फिरू लागते. डावीकडे कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या प्रादेशिक गटांची नावे, उजवीकडे जय आणि पराजय. मध्यपश्चिमेतली बिग टेन सात-एक, पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ एक-आठ, दक्षिणेतली एसईसी पाच-सहा अशा आकड्यांवरून देशाचा कोणता भाग फुटबॉलमध्ये श्रेष्ठ आहे हे ठरवले जाते आणि पुढचा हंगाम उजाडेपर्यंत त्यावर वाद चालू राहतो. मी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो. इथे हा वाद कचेरीत, केशकर्तनालयात आणि मुलांच्या वाढदिवसालाही रंगतो, आणि मी त्यात मनापासून भाग घेतो. या कोष्टकाविषयी मला आस्था आहे, म्हणूनच त्याच्याकडून किती आणि कसला पुरावा मागावा याचा विचार मी बराच काळ करत आलो आहे. एकेक सामना उलगडून पाहिला तर हा ताळेबंद पुष्कळ काही सांगतो; नुसती बेरीज पाहिली तर तो जवळजवळ काहीच सांगत नाही, असे माझे मत झाले आहे.

या कोष्टकाला एवढे महत्त्व का येते, हे समजण्यासाठी हंगामाची रचना लक्षात घ्यावी लागते. वरच्या श्रेणीत १३०हून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात बहुधा १२ सामने खेळतो. त्यांपैकी आठ किंवा नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघांशी होतात. उरलेल्यांत एखादा तुल्यबळ प्रतिस्पर्धी असतो आणि बाकीचे बहुतेक वेळा मोठी रक्कम देऊन घरच्या मैदानावर बोलावलेले दुबळे संघ असतात. रणजी करंडकात २००१-०२च्या हंगामापर्यंत मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे पश्चिम विभागातले संघ आधी आपसांत खेळत आणि मग बाद फेरीत त्यांची दुसऱ्या विभागांशी गाठ पडे. ती व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना कॉन्फरन्स म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र रणजीत विभागातले स्थान पुढचा प्रतिस्पर्धी ठरवत असे, तर बाऊलमध्ये प्रतिस्पर्धी निमंत्रणाने आणि कराराने ठरतो. दक्षिणेतला चौथा संघ मध्यपश्चिमेतल्या दुसऱ्या संघाशी खेळतो आणि त्या निकालाची नोंद दोन प्रदेशांच्या नावावर होते.

बाऊलचा जन्म मुळी स्पर्धा म्हणून झालाच नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात नववर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघत असे, आणि हिमवर्षावाने गारठलेल्या पूर्वेकडच्या लोकांना तिथल्या ऊबदार हवेची ओढ लागावी असा तिचा हेतू होता. १ जानेवारी १९०२ रोजी त्या उत्सवात मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने तो ४९-० असा जिंकला, स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच खेळ सोडून दिला, आणि आयोजकांनी नंतरची बरीच वर्षे फुटबॉलऐवजी पोलो आणि रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल तिथे १९१६ साली परतला. मियामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लीन्सचा शुगर, एल पासोचा सन आणि डॅलसचा कॉटन हे बाऊल १९३०च्या दशकात सुरू झाले तेव्हा त्या शहरांपुढेही पॅसाडिनाचाच आदर्श होता. आपल्यामागे हजारो चाहते घेऊन येणारा संघ यजमानांना हवा असे, आणि आजही हवा असतो. कोष्टकातल्या अनेक विसंगतींचे मूळ इथे आहे.

या सामन्यांकडे स्वतः क्रीडाविश्वच कितीतरी वर्षे समारंभ म्हणून पाहत होते. असोसिएटेड प्रेसचे अखेरचे मानांकन १९६८च्या हंगामापासून कायमस्वरूपी बाऊलनंतर जाहीर होऊ लागले. त्याआधी १९६५चा अपवाद सोडला तर राष्ट्रीय विजेता बाऊलपूर्वीच घोषित होत असे. प्रशिक्षकांच्या मतांवर आधारलेले यूपीआय या वृत्तसंस्थेचे मानांकन तर १९७३पर्यंत जुन्याच पद्धतीने चालले. त्या वर्षी प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेते ठरवले आणि ३१ डिसेंबरला शुगर बाऊलमध्ये नोटर डेमने अलाबामाला २४-२३ असे हरवले. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकही बाऊलनंतर मतदान करू लागले. खेळाडूंच्या वैयक्तिक आकडेवारीत बाऊलची कामगिरी धरण्यास एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, २००२मध्ये सुरुवात केली. १९८८च्या हंगामात ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने चेंडू घेऊन केलेली २,६२८ यार्डांची धाव विक्रम म्हणून सांगितली जाते, पण त्याच हंगामातल्या हॉलिडे बाऊलमधले त्याचे २२२ यार्ड त्यात नाहीत. म्हणजे ज्या निकालांवरून आपण आज प्रदेशांची प्रतवारी लावतो, त्यांना अधिकृत वजन येऊन फार काळ लोटलेला नाही.

तरीही बाऊलच्या निकालांनी एखाद्या कॉन्फरन्सविषयी खरेखुरे काही सांगितल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतले सर्वांत भक्कम उदाहरण रोझ बाऊलचे आहे. १९४७पासून मध्यपश्चिमेतली बिग टेन आणि पश्चिम किनाऱ्यावरची पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स (पॅक-१२ची पूर्वज) यांच्यात करार झाला आणि दोघींचे प्रतिनिधी दर नववर्षी पॅसाडिनात भेटू लागले. पहिल्याच सामन्यात इलिनॉयने लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला ४५-१४ असे हरवले, दुसऱ्यात मिशिगनने त्याच शहरातल्या यूएससीला ४९-०. १९४७ ते १९५९ या तेरा सामन्यांपैकी बारा बिग टेनने जिंकले. मधे १९५३ साली फक्त यूएससीने विस्कॉन्सिनला ७-० असे नमवले. दोन्ही बाजू समसमान असत्या तर तेरापैकी निदान बारा सामने एका विशिष्ट बाजूला जाण्याची शक्यता सुमारे ५८५त एक एवढीच असती. त्यातही १९४९चा सामना मला फार बोलका वाटतो. एकच संघ लागोपाठ दोन वर्षे पाठवायचा नाही असा बिग टेनचा नियम होता, त्यामुळे अपराजित आणि देशात अव्वल असलेला मिशिगनचा संघ घरी बसला आणि कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या क्रमांकाचा नॉर्थवेस्टर्न पॅसाडिनाला गेला. समोर कॅलिफोर्नियाचा अपराजित संघ होता. नॉर्थवेस्टर्नने २०-१४ असा विजय मिळवला. एका कॉन्फरन्सच्या दुसऱ्या संघाने दुसऱ्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला हरवले, म्हणजे त्या काळी मध्यपश्चिमेतला खेळ वरपासून खालपर्यंत सरस होता असे म्हणायला इथे आधार सापडतो.

आता त्याच दोन प्रदेशांचे पुढचे एक पर्व पाहावे. १९७० ते १९८० या अकरा रोझ बाऊलपैकी दहा पश्चिम किनाऱ्याने जिंकले आणि बिग टेनच्या वाट्याला १९७४चा एकच विजय आला. वरवर पाहता हा पहिल्या पर्वाचा आरसा वाटतो. पण तपशील पाहिला की चित्र पालटते. या अकराही वर्षी बिग टेनकडून ओहायो स्टेट किंवा मिशिगन यांच्याखेरीज दुसरा कोणताही संघ गेला नव्हता, आणि समोरच्या बाजूने सात वेळा यूएससी आले होते. तेव्हा दोन प्रदेशांच्या नावाने ओळखला जाणारा हा निकाल प्रत्यक्षात मोजक्या विद्यापीठांमधला होता. शिवाय १९७२मध्ये मिशिगन १३-१२, १९७५मध्ये ओहायो स्टेट १८-१७ आणि १९८०मध्ये पुन्हा ओहायो स्टेट १७-१६ असे हरले. तीन पराभव प्रत्येकी एका गुणाने! ते तीन गुण इकडचे तिकडे झाले असते तर एक-दहाचा ताळेबंद चार-सात असा वाचला गेला असता आणि मध्यपश्चिमेचा खेळ जुनाट झाल्याची जी कथा त्या दशकात रूढ झाली, तिला एवढा जोर आला नसता.

या पर्वातला १९७६चा सामना तर कोष्टकाची मर्यादाच दाखवून देतो. ऑक्टोबर १९७५मध्ये ओहायो स्टेटने लॉस एंजेलिसला जाऊन यूसीएलएला ४१-२० असे हरवले होते. पुढे हेच दोन संघ रोझ बाऊलमध्ये भेटले आणि अव्वल मानांकनाचा, अपराजित ओहायो स्टेट २३-१० असा हरला. एकाच हंगामात त्याच दोन संघांनी दोन परस्परविरोधी निकाल दिले, आणि बाऊलच्या ताळेबंदात त्यांपैकी फक्त दुसरा टिकला. माझ्या शेजारी राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ त्या सामन्याविषयी अजूनही दुखावलेल्या आवाजात बोलतात, आणि ऑक्टोबरमधल्या विजयाची आठवण त्यांना आपणच करून द्यावी लागते.

बाऊलला कोणता संघ जातो हा प्रश्न मैदानाबाहेर सुटल्याचेही दाखले आहेत. १९६१ साली ओहायो स्टेटने बिग टेनचे विजेतेपद मिळवले असताना विद्यापीठाच्या प्राध्यापक परिषदेने २८ विरुद्ध २५ मतांनी रोझ बाऊलचे निमंत्रण नाकारले. अभ्यासापेक्षा फुटबॉलला जास्त मान मिळतो आहे अशी त्यांची चिंता होती. कोलंबसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, ओहायो स्टेटच्या जागी मिनेसोटा गेले आणि त्यांनी यूसीएलएला २१-३ असे हरवले. १९७३मध्ये ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा निर्णायक सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. प्रतिनिधी कोण, यावर कॉन्फरन्सच्या दहा क्रीडा संचालकांनी मतदान केले आणि सहा विरुद्ध चार मतांनी ओहायो स्टेटची निवड झाली. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याच्या खांद्याजवळचे हाड त्या सामन्यात मोडले होते, ही गोष्ट त्या मतदानात महत्त्वाची ठरली असे मानले जाते. त्या काळी बिग टेनमधून रोझ बाऊलशिवाय इतर कोणत्याही बाऊलला जाण्याची परवानगी नव्हती, म्हणून एकही सामना न हरलेला मिशिगन कोणताच बाऊल न खेळता हंगामाबाहेर पडला. १९७५च्या हंगामापासून तो नियम शिथिल झाला. ओहायो स्टेटने १९७४चा तो रोझ बाऊल ४२-२१ असा जिंकला, आणि दशकभरातला बिग टेनचा एकमेव विजय तोच. मी ओहायोचा पक्षपाती असूनही मला त्या मिशिगन संघाबद्दल वाईट वाटते, कारण त्यांनी मैदानावर गमावले काहीच नव्हते.

दक्षिणेकडे या ताळेबंदाला वेगळीच धार आहे. १ जानेवारी १९२६ रोजी अलाबामाने रोझ बाऊलमध्ये वॉशिंग्टनला २०-१९ असे हरवले तेव्हा उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे जाणकार दक्षिणी फुटबॉलला दुय्यम समजत होते. यादवी युद्धातला पराभव आणि त्यानंतरचे दारिद्र्य यांचा सल बाळगणाऱ्या प्रदेशाने तो विजय स्वतःचा मानला. अलाबामाशी ज्यांचे हाडवैर होते त्यांनीही. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आजची एसईसी, १९३२ साली स्थापन झाली, पण प्रतिस्पर्ध्याच्या विजयातही प्रदेशाचा मान पाहण्याची वृत्ती त्याहून जुनी आहे. एखादा एसईसी संघ बाहेरच्या संघाला हरवू लागला की प्रेक्षकांतून ‘एस-ई-सी’ असा घोष उठतो, तो ऐकताना मला ही वृत्ती आठवते. इकडे कोलंबसमध्ये मिशिगनच्या विजयावर टाळ्या वाजवणारा ओहायोकर मला अजून भेटायचा आहे. मात्र डिसेंबरमध्ये आयोवा किंवा पर्ड्यू जिंकावेत असे इथल्या कित्येकांना खरोखर वाटते, आणि मलाही वाटते.

२००६ ते २०१२ या सात हंगामांत सलग सात राष्ट्रीय विजेतेपदे एसईसीकडे गेली. फ्लोरिडाने आणि एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेटने, त्यांपैकी पहिल्या दोन अंतिम सामन्यांत ओहायो स्टेटला ४१-१४ आणि ३८-२४ असे हरवले, आणि उत्तरेकडचे संघ संथ आहेत हे वाक्य त्यानंतर इतक्यांदा ऐकू आले की ते सिद्ध झाल्यासारखेच वाटू लागले. सात विजेतेपदे ही फार मोठी कामगिरी आहे, याविषयी दुमत नाही. पण तिच्यावरून संपूर्ण कॉन्फरन्सविषयी किती बोलावे? विजेते अलाबामा, फ्लोरिडा, एलएसयू आणि ऑबर्न असे चारच होते. २०११चा अंतिम सामना अलाबामा आणि एलएसयू या दोन एसईसी संघांतच झाला, म्हणून ताळेबंदात त्यातून एक जय आणि एक पराजय जमा झाला. ज्या दिवशी कॉन्फरन्सचे वर्चस्व शिगेला पोचले, त्याच दिवशी तिच्या टक्केवारीत काडीचीही भर पडली नाही. २०१४मध्ये एसईसीचा पश्चिम गट देशातला सर्वांत कठीण गट म्हणून गौरवला जात होता आणि पूर्व गटाची हेटाळणी होत होती. बाऊलमध्ये पश्चिम गटाचा निकाल दोन-पाच लागला, पूर्व गटाचा पाच-शून्य. दोन्हींची बेरीज सात-पाच, आणि कोष्टकात फक्त तीच दिसते.

ज्या हंगामावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे तो मात्र २०१७चा. बिग टेनने आठपैकी सात सामने जिंकले: विस्कॉन्सिनने मियामीला, ओहायो स्टेटने यूएससीला, पेन स्टेटने वॉशिंग्टनला, मिशिगन स्टेटने वॉशिंग्टन स्टेटला, आयोवाने बॉस्टन कॉलेजला, नॉर्थवेस्टर्नने केंटकीला आणि पर्ड्यूने अ‍ॅरिझोनाला हरवले, पराभूत झाले ते फक्त मिशिगन, साउथ कॅरोलायनाकडून. पॅक-१२चे नऊ संघ खेळले आणि वेस्ट व्हर्जिनियाला हरवणारा यूटा सोडला तर सगळे हरले. एसईसीचा ताळेबंद पाच-सहा. आता याच हंगामात राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, बिग टेनचा एकही संघ नव्हता, आणि अंतिम सामना अलाबामा विरुद्ध जॉर्जिया असा एसईसीच्या दोन संघांमध्येच झाला. मग श्रेष्ठ कॉन्फरन्स कोणती? शिखराची उंची मोजणाऱ्याला एसईसी म्हणावे लागेल आणि मधल्या फळीची ताकद मोजणाऱ्याला बिग टेन, आणि दोघांचेही उत्तर बरोबर असेल, कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

त्या सात-एकचेही बारकाईने वाचन केले पाहिजे. यांपैकी चार विजय एकट्या पॅक-१२विरुद्धचे होते, म्हणजे बिग टेनची भरभराट आणि पॅक-१२ची वाताहत हे बऱ्याच अंशी त्याच सामन्यांचे दोन बाजूंनी केलेले वर्णन आहे. आठ समसमान सामन्यांत निदान सात जिंकण्याची शक्यता सुमारे २८त एक असते. ही काही दुर्मीळ घटना नव्हे. दहा कॉन्फरन्स दर वर्षी बाऊल खेळत असतील तर काही वर्षांतून एकदा कोणाच्या तरी नावापुढे असा आकडा निव्वळ योगायोगानेही पडणारच. आणि संघांच्या जोड्या मुळात समसमान नसतातच. एखाद्या कॉन्फरन्सचा विजेता प्लेऑफमध्ये गेला की तिचे उरलेले सगळे संघ एकेक पायरी वर सरकतात: दुसरा संघ पहिल्याच्या जागी, पाचवा चौथ्याच्या जागी. ज्या कॉन्फरन्सचे दोन संघ प्लेऑफमध्ये जातात तिला हा भुर्दंड दुप्पट बसतो. त्या वर्षी एसईसीचे तेच झाले, आणि बिग टेनचे तसे झाले नाही. तिचा प्रत्येक संघ आपल्या योग्यतेच्या जागीच राहिला. एखाद्या कॉन्फरन्सला तिच्या सर्वोत्तम संघांच्या यशामुळेच बाऊलचा ताळेबंद महाग पडतो, हे कोष्टक कधीच सांगत नाही.

त्याच हंगामात सेंट्रल फ्लोरिडाने, म्हणजे यूसीएफने, पीच बाऊलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवून १३-० अशी कामगिरी पूर्ण केली. ऑबर्नने नियमित हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही भावी अंतिम स्पर्धकांना हरवले होते. यूसीएफची अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स लहान समजली जात असल्यामुळे त्यांना प्लेऑफचे दार उघडले नाही, आणि बाऊलमधला हा एक सामना एवढीच त्यांची संधी होती. मला बाऊलची परंपरा प्रिय आहे ती मुख्यतः अशा सामन्यांसाठी. २००७च्या फिएस्टा बाऊलमध्ये बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३-४२ असे हरवले. २००९च्या शुगर बाऊलमध्ये यूटाने अलाबामाला ३१-१७, २०११च्या रोझ बाऊलमध्ये टीसीयूने, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने, विस्कॉन्सिनला २१-१९. नियमित हंगामात बलाढ्य विद्यापीठे या संघांच्या मैदानावर जायला सहसा तयार नसतात; बाऊलमध्ये त्यांना भेटणे टाळता येत नाही. अर्थात २००८च्या शुगर बाऊलमध्ये तोवर अपराजित असलेल्या हवाईला जॉर्जियाने ४१-१० असे हरवले होते हेही त्याच ठिकाणी लिहून ठेवले पाहिजे.

अलीकडे मैदानावर उतरणारा संघ हंगामभर खेळलेलाच संघ असतो असेही राहिलेले नाही. १ जानेवारी २०१६च्या फिएस्टा बाऊलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत तो बराच खाली घसरला. त्याच वर्षअखेरीस स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि एलएसयूचा लेनर्ड फोरनेट यांनी आपापल्या संघाचा बाऊल न खेळण्याचा निर्णय घेतला. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली; आज हा निर्णय नित्याचा झाला आहे, आणि ज्यांच्या शरीरावर त्यांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे त्या तरुणांना त्याबद्दल दोष देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय डिसेंबरातच खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जातात आणि प्रशिक्षक नव्या नोकरीवर रुजू होतात. ३० डिसेंबर २०२३च्या ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले. १३-० असूनही प्लेऑफमधून वगळलेल्या फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू त्या दिवशी खेळले नाहीत, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस तर नोव्हेंबरमध्येच जखमी झाला होता. या निकालाची नोंद एसईसीचा एक जय आणि फ्लोरिडा स्टेटच्या कॉन्फरन्सचा, एसीसीचा, एक पराजय अशी होते, आणि १९४९च्या नॉर्थवेस्टर्नच्या विजयाचे वजनही तेवढेच धरले जाते. अशा बेरजेला मी अर्थ देऊ शकत नाही.

मैदान कोणाचे, हाही प्रश्न मध्यपश्चिमेतल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सतावत आला आहे. बहुतेक बाऊल फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियाना, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया इथे होतात. न्यू ऑर्लीन्समध्ये खेळणारा एलएसयू घरापासून तासाभराच्या अंतरावर असतो, आणि रोझ बाऊलचे मैदान तर १९८२मध्ये यूसीएलएचे घरचे मैदान झाले. दक्षिणेकडचे संघ डिसेंबरमध्ये कधी आमच्याकडे येऊन दाखवतील का, हा आमचा जुना सवाल होता. बारा संघांचे प्लेऑफ सुरू झाल्यावर २१ डिसेंबर २०२४च्या रात्री तो प्रत्यक्षात आला. तापमान शून्याच्या खाली असताना टेनेसी कोलंबसला आले, त्यांच्या चाहत्यांनी स्टेडियमचे मोठे भाग नारिंगी करून टाकले, आणि ओहायो स्टेटने ४२-१७ असा विजय मिळवला. त्या फेरीतले चारही सामने यजमानांनीच जिंकले, हे विसरून केवळ आमच्या विजयाचा अर्थ लावणे बरोबर ठरणार नाही. शिवाय ही फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर होते, बाऊलमध्ये नाही. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीचे सामने बाऊलच्या नावाने खेळले जातात. त्यामुळे मध्यपश्चिमेने दक्षिणेविरुद्ध घरच्या थंडीत मिळवलेला हा विजय बाऊलच्या ताळेबंदात धरलाच जात नाही.

आणि आता मुळात प्रदेश म्हणून कॉन्फरन्स शिल्लक आहेत का, हाच प्रश्न उभा राहिला आहे. यूटा २०११मध्ये पॅक-१२मध्ये गेले, टीसीयू २०१२मध्ये बिग १२मध्ये. ज्या लहान कॉन्फरन्ससाठी त्यांनी मोठे विजय मिळवले होते, तिच्याकडे फक्त जुने आकडे उरले. दूरचित्रवाणीच्या पैशामुळे २०२४मध्ये यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले, टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीमध्ये गेले, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिकच्या नावाने चालणाऱ्या एसीसीचे सदस्य झाले. १ जानेवारी २०२५च्या रोझ बाऊलमध्ये ओहायो स्टेटने ओरेगनला ४१-२१ असे हरवले. ऑक्टोबरमध्ये ओरेगनने आम्हाला ३२-३१ असे हरवले होते, तेव्हा त्या विजयाचा आनंद मला फार झाला. पण मध्यपश्चिम विरुद्ध पश्चिम किनारा या ज्या लढतीसाठी १९४७चा करार झाला होता, तिच्या दोन्ही बाजू आता एकाच कॉन्फरन्समध्ये होत्या. बिग टेनच्या खात्यात एक जय, एक पराजय.

म्हणून मी माझ्यापुरते कोष्टक वेगळ्या रीतीने लिहितो. कॉन्फरन्सच्या नावापुढे बेरीज न करता प्रत्येक सामन्याला एक ओळ देतो, आणि तीत विद्यापीठाचे नाव, त्या वेळची कॉन्फरन्स, तिच्यातले त्या संघाचे स्थान, मैदानापासूनचे अंतर, न खेळलेले महत्त्वाचे खेळाडू आणि गुणांचा फरक लिहितो. या पद्धतीत वाद लवकर मिटत नाहीत, पण कशावर वाद घालायचा ते तरी नीट कळते. जुन्या पॅसिफिक कॉन्फरन्समधून सगळे निघून गेल्यावर ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच मागे राहिले, आणि २०२६पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना सोबत घेऊन पॅक-१२ पुन्हा उभी राहत आहे. यूएससीचे सारे रोझ बाऊल या नव्या पॅक-१२च्या इतिहासात धरायचे की बिग टेनच्या, असा प्रश्न लोक विचारतात; माझ्या कोष्टकात तो उद्‌भवत नाही, कारण तिथे ते यूएससीच्याच नावावर आहेत. ओरेगन स्टेटच्या नावावर १९४२चा रोझ बाऊल आहे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या जमावांना बंदी आली, म्हणून तो सामना उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम इथे, प्रतिस्पर्धी ड्यूकच्या स्वतःच्या मैदानावर हलवला गेला, आणि ओरेगन स्टेटने तो २०-१६ असा जिंकला. अंतराच्या रकान्यात तिथे संपूर्ण देशाची रुंदी लिहिलेली आहे.